संदर्भाचा आकडा आणि रुग्णाचे हित : आरोग्यविषयक नियतकालिकांसाठी शोधनिबंध कसा सिद्ध करावा

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आरोग्यसेवक म्हणून काम करीत आहेत. त्यांपैकी काहींवर पदव्युत्तर शिक्षणाच्या किंवा नोकरीतील बढतीच्या निमित्ताने शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची वेळ येते. काम कष्टाने केलेले असते, रुग्णांच्या नोंदी रात्री जागून तपासलेल्या असतात. पण निबंध समीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच संपादकीय कार्यालयातून परत येतो. कारण असते मांडणी आणि संदर्भ. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांना या रीती सांगणारे घरी कोणी नसते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा पाठ येथे देत आहोत.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. आमच्या पहिल्या निबंधावर समीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता : "बारावा संदर्भ आपण स्वतः वाचला आहे काय?" आम्ही तो वाचला नव्हता, दुसऱ्या एका लेखाच्या सूचीतून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. मूळ लेख मिळवून पाहिला, तेव्हा त्यातील निष्कर्ष प्रौढ रुग्णांविषयी होता आणि आम्ही तो बालकांच्या संदर्भात वापरला होता. त्या दिवसापासून संदर्भाच्या आकड्याकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

पाच वाक्यांचे पत्र

संदर्भातील निष्काळजीपणा किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण वैद्यकीय जगतात प्रसिद्ध आहे. १० जानेवारी १९८० रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चार जणांत व्यसनाची बऱ्यापैकी पुराव्यानिशी नोंद आढळली, असा त्याचा आशय होता. हे निरीक्षण रुग्णालयातील रुग्णांपुरते होते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णांविषयी त्यात काहीच नव्हते.

२०१७ साली कॅनडातील संशोधकांनी या पत्राचा आधार घेणारे ६०८ लेख तपासले. त्यांपैकी ४३९ लेखांनी 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून ते पत्र वापरले होते. आणि मूळ रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट ४९१ लेखांनी सांगितलीच नव्हती. या औषधांच्या व्यसनाने उत्तर अमेरिकेत पुढे जो अनर्थ केला, त्याला हे बेफिकीर संदर्भही साहाय्यभूत ठरले, असे त्या संशोधकांचे मत आहे. आज त्या पत्राला नियतकालिकाने सावधगिरीची टीप जोडली आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी खोटे काही लिहिले नव्हते. दोष न वाचता आधार घेणाऱ्यांचा होता.

नियमांचा उगम

पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची रीत निराळी असे. एका ठिकाणी नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवायचा तर सारी सूची नव्याने टंकलिखित करावी लागे. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर शहरी जमले व त्यांनी समान नियम ठरविले. ते १९७९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. हा गट पुढे वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणून ओळखला जाऊ लागला. क्रमांकाने संदर्भ देण्याच्या या पद्धतीस आजही 'व्हँकूव्हर पद्धती' म्हणतात. परिचर्या आणि मानसशास्त्र या क्षेत्रांतील पुष्कळ नियतकालिके मात्र अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे 'एपीए' पद्धती मागतात. तीत मजकुरात लेखकाचे आडनाव व वर्ष येते आणि सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लावतात. म्हणून पहिला नियम असा : लिहिण्यास बसण्यापूर्वी ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात आणि त्याच नियतकालिकातील दोन-तीन ताजे लेख समोर ठेवावेत.

निबंधाचे अंग

मूळ संशोधनाचा निबंध चार भागांत येतो : प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा. हा प्रश्न का घेतला, काम कसे केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, अशी ही चार उत्तरे होत. पद्धतीच्या भागात निष्कर्ष येऊ नयेत आणि चर्चेत नवे आकडे अवतरू नयेत.

शीर्षकपृष्ठावर शीर्षक, लेखकांची नावे, संस्था, पत्रव्यवहाराचा पत्ता, अर्थसाहाय्य आणि हितसंबंधांची घोषणा असते. समीक्षकांना लेखकांची नावे कळू नयेत अशी ज्या नियतकालिकांची पद्धत असते, ती हे पृष्ठ स्वतंत्र फाईलमध्ये मागतात. अशा वेळी मूळ मजकुरात आपल्या रुग्णालयाचे नावही राहता कामा नये. गोषवारा दिलेल्या शब्दमर्यादेतच बसवावा. पुष्कळ वाचक तेवढाच भाग वाचतात. तक्त्यांना क्रमांक व स्वतंत्र मथळा द्यावा, संक्षेपांचा खुलासा तक्त्याखाली करावा आणि तक्त्यातील सर्व आकडे मजकुरात पुन्हा लिहू नयेत. औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव लिहावे. केवळ 'फरक लक्षणीय आहे' असे न म्हणता प्रत्यक्ष आकडे व विश्वासमर्यादा द्याव्यात.

नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णांची संमती यांचा उल्लेख पद्धतीच्या भागात अवश्य करावा. औषधोपचाराची चाचणी असल्यास ती पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वीच नोंदलेली असावी लागते. त्यासाठी भारतात २००७ पासून 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' ही नोंदवही आहे. तिचा क्रमांक निबंधात द्यावा.

संदर्भ लिहिण्याची रीत

व्हँकूव्हर पद्धतीत मजकुरात जो आधार प्रथम येतो त्याला १, नंतरच्याला २, असा क्रम असतो. तोच आधार पुन्हा आला तर त्याचा जुनाच क्रमांक द्यायचा. सूची याच क्रमाने लागते, वर्णक्रमाने नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातील एक नमुना घेऊ. गडचिरोली जिल्ह्यात नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग झाला, त्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा संदर्भ (प्रत्यक्षात रोमन लिपीत) असा होईल :

बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. इफेक्ट ऑफ होम-बेस्ड निओनेटल केअर अँड मॅनेजमेंट ऑफ सेप्सिस ऑन निओनेटल मॉर्टॅलिटी: फील्ड ट्रायल इन रूरल इंडिया. लॅन्सेट. १९९९;३५४(९१९४):१९५५-६१.

यातील प्रत्येक खूण पाहण्यासारखी आहे. आडनाव आधी, मग नावाची आद्याक्षरे. आद्याक्षरांत बिंदू नाहीत. दोन लेखकांमध्ये स्वल्पविराम, शेवटच्या लेखकानंतर पूर्णविराम. पुष्कळ नियतकालिके सहा लेखकांपर्यंत सर्व नावे व पुढे 'आणि इतर' या अर्थाचा लॅटिन संक्षेप मागतात. मग शीर्षक, नियतकालिकाचे मान्य संक्षिप्त नाव, वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, विसर्गचिन्ह आणि पृष्ठे. १९५५ ते १९६१ ही पृष्ठे '१९५५-६१' अशी लिहितात. संकेतस्थळाचा आधार घेतल्यास ते पाहिल्याची तारीखही द्यावी.

नेहमीच्या चुका

पहिली चूक नावांची. आपल्याकडे कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी, कोणी वडिलांचे नाव मध्ये घालतो. परिणामी एकच लेखक सूचीत तीन रूपांनी दिसतो. मूळ लेखात छापलेले रूपच घ्यावे. आपल्या स्वतःच्या नावाचेही एकच रूप आयुष्यभर ठेवावे आणि 'ऑर्किड' हा सोळा अंकी लेखक-क्रमांक घ्यावा. तो विनामूल्य मिळतो.

दुसरी चूक हाताने क्रमांक घालण्याची. मध्ये एक परिच्छेद वाढला की पुढचे सारे आकडे चुकतात. 'झोटेरो'सारखी विनामूल्य आज्ञावली हे काम करते. मात्र तिने ओढून आणलेली माहितीही मूळ लेखाशी ताडून पाहावी लागते.

तिसरी चूक मागे घेतलेल्या लेखाचा आधार घेण्याची. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० साली पूर्णतः मागे घेतला, तरी त्याचे नाव अजून फिरतच आहे. पाठविण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ 'पबमेड'वर शोधून पाहावा. मागे घेतलेल्या लेखावर तेथे तशी ठळक सूचना असते.

चौथी चूक आजची आहे. यंत्राला विचारून संदर्भ मागविले, तर ते हुबेहूब दिसणारे पण अस्तित्वातच नसलेले लेख देऊ शकते. यंत्र लेखक होऊ शकत नाही आणि त्याची मदत घेतली असेल तर ती सांगितली पाहिजे, अशी संपादक-समितीची भूमिका आहे. जो लेख उघडून वाचलेला नाही, तो सूचीत नसावा.

लेखक कोण?

लेखक ठरण्यासाठी समितीने चार अटी सांगितल्या आहेत : कामाच्या आखणीत, माहिती मिळविण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम रूपास संमती, आणि साऱ्या कामाविषयी उत्तरदायित्व. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ विभागप्रमुख असणे किंवा निधी मिळवून देणे पुरेसे नाही; त्यांचे आभार स्वतंत्र मानावेत. उलटपक्षी, रात्रपाळीत नोंदी ठेवणाऱ्या परिचारिकेला लेखनाच्या टप्प्यावर बोलावलेच नाही आणि मग तिने लेखन केले नाही म्हणून तिचे नाव गाळले, तर तो अन्याय होय. पहिली अट पूर्ण करणाऱ्यास उरलेल्या अटी पूर्ण करण्याची संधी मिळावी, असे नियमच सांगतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हा नियम माहीत करून घ्यावा आणि नावांचा क्रम कामाच्या आरंभीच, शक्य तर लेखी, ठरवून घ्यावा.

शेवटी

निबंध परत आला म्हणून खचू नये. सुधारणांसह परत आलेल्या निबंधास उत्तर देताना समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली आपण काय बदलले, हे नम्रपणे लिहावे. पटले नसेल तर सकारण सांगावे. पालकांना आमचे सांगणे एवढेच, की मुलगी स्वल्पविराम आणि आकडे तपासत बसलेली दिसली, तर ते काम क्षुल्लक समजू नका. दूरच्या एखाद्या गावी कोणी डॉक्टर तिच्या निबंधावर विसंबून औषधाची मात्रा ठरवील. त्या विश्वासाला पात्र ठरावे, यासाठीच ही सारी खटपट आहे.