लेखणी कशी वाढते? मुक्ता साळवे यांच्या निबंधाचा धडा

विद्यार्थी मित्रहो, तुमचे निबंध तपासताना आम्हांस एक उणीव वारंवार जाणवते. त्यांतील शब्द गाईडमधले असतात, तुमचे नसतात.

१८५५ साली पुण्यात, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ने तो १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या अंकांत छापला. मुक्ताने अलंकार शोधले नाहीत. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने मांडले. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न विचारला आणि अखेरीस आपल्याच बांधवांना शिकण्याचे आवाहन केले. तथागतांनी कालामांना ऐकिवावर न विसंबता स्वतः पारखण्यास सांगितले होते. मुक्ताच्या लेखणीचे बळ नेमके त्यातच आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कित्येकांच्या आया कापूस वेचतात. सुकलेल्या बोंडाची टोके त्यांच्या बोटांना कशी टोचतात, दिवसभराची वेचणी काट्यावर किती भरते आणि हाती किती मजुरी पडते, हे कोणत्याही गाईडात सापडणार नाही. ते तुम्हीच लिहू शकता. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका आम्ही आनंदाने दुरुस्त करू. उसना अनुभव मात्र आम्हांस दुरुस्त करता येत नाही.