उळे टाकण्याआधी शंभर दाणे मोजा



दसरा झाला की आपल्या कळवणमध्ये उन्हाळ कांद्याच्या उळ्याची लगबग सुरू होते. उळं कुठलं आणायचं हे बहुतेक घरांत पुरुषमंडळी ठरवतात. वाफा निंदायला, रोप उपटायला आणि वाकून लागवड करायला मात्र आपणच असतो.

मागच्या वर्षी बैठकीत एक ताई म्हणाली, "मॅडम, अर्धा वाफा उगवलाच नाही. घरचे म्हणतात, माझा हातच चांगला नाही." चौकशी केली, तर उळं आदल्या वर्षीचं उरलेलं निघालं! कांद्याचं बी साध्या हवेत ठेवलं तर वर्षभरातच त्याची उगवण घटते. दोष बियाण्याचा, बोल बाईला. वर गटाचं कर्ज अंगावर आणि रोप विकत आणावं लागलं ते वेगळंच.

म्हणून एवढं करा.

१. उगवण तपासा. उळं पंधरा दिवस आधी आणा. निवड न करता १०० दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, सावलीत ठेवा. फडकं सुकू देऊ नका. १० ते १२ दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त असतील तर टाका. फारच कमी असतील तर ते उळं वापरू नका.

२. गादीवाफा करा. रुंदी १ मीटर, लांबी ३ मीटर, उंची १५ सेंटीमीटर. पाणी साचत नाही, त्यामुळे रोपांची मर कमी होते. बी फेकून टाकू नका, तीन-चार बोटांच्या अंतरावर रेघा ओढून सेंटीमीटरभर खोल टाका. एकराला साधारण २ गुंठे वाफे आणि ३ किलोच्या आसपास उळं पुरतं.

३. रोपाचं वय सांभाळा. ५० ते ५५ दिवसांचं रोप लावा. दोन ओळींत १५ आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवा. जाड, जून झालेलं रोप लावलं तर डेंगळे जास्त येतात आणि डेंगळ्यांचा कांदा चाळीत टिकत नाही.

उळ्याची पिशवी, त्यावरचं लेबल आणि पक्की पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बियाणं खराब निघालं तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात तक्रार करताना हाच पुरावा लागतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या उळ्याचे शंभर दाणे पुडीत बांधून आणा. सगळ्या मिळून तपासू आणि निकाल गटाच्या वहीत लिहू. मग वाफा उगवला नाही, तर हाताला नाव ठेवायच्या आधी वही उघडून दाखवता येईल.

– तुमची प्रभाग समन्वयक