मोबाईलचे बिल, करार आणि ग्राहकाचा हक्क

घरात दूरध्वनी यावा म्हणून एके काळी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आज तो विद्यार्थ्याच्या खिशात आला आहे. वस्तू सुलभ झाली, परंतु तिच्याबरोबर जो करार आपण स्वीकारतो तो वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. त्यामुळे बिल अवाच्या सवा आले अथवा मुदतीपूर्वी कंपनी सोडावयाची वेळ आली, म्हणजे काय करावे हे सुशिक्षितालाही उमगत नाही. कोणी निमूटपणे पैसे भरतो, तर कोणी रागाने बिल फेकून देतो. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. तिसरा, कायद्याचा मार्ग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका बिलाची कहाणी

अहमदाबाद येथील एका ग्राहकाने व्होडाफोन कंपनीची मोबाईल सेवा घेतली होती. मासिक भाडे २४९ रुपये आणि सरासरी बिल ५५५ रुपयांच्या आसपास. मात्र ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे. ग्राहकाने जिल्हा ग्राहक मंचाकडे धाव घेतली आणि २२,००० रुपये भरपाई व्याजासह मागितली.

कंपनीने बिल बरोबर की चूक या प्रश्नाच्या आधी दुसराच प्रश्न उभा केला. ही तक्रार ऐकण्याचा अधिकारच ग्राहक मंचाला नाही, असे तिचे म्हणणे होते. या म्हणण्याला आधार होता १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील कलम ७-ब चा. तारयंत्रणेविषयीचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावा व त्याचा निर्णय अंतिम असावा, असे हे कलम सांगे. केरळमधील एका दूरध्वनी ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली याच कलमाच्या आधारे ग्राहक मंचाचा अधिकार नाकारला होता. विशेष कायदा सामान्य कायद्याहून वरचढ ठरतो, हे त्यामागील तत्त्व.

१६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अहमदाबादच्या प्रकरणात वेगळा निर्णय दिला. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा हाही ग्राहकांसाठी केलेला विशेष कायदाच आहे. त्याच्या कलम ३ नुसार त्यातील उपाय इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीला आहेत. म्हणून लवादाचा मार्ग असला तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ते बिल चूक होते असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ग्राहकाला दाद मागता येते एवढेच त्याने सांगितले. सुमारे ५५५ रुपयांच्या सवयीच्या बिलावरून उठलेल्या वादात एवढे ठरावयास आठ वर्षे लागली. परंतु त्यामुळे देशातील प्रत्येक मोबाईलधारकाचा मार्ग मोकळा झाला. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे.

तक्रारीच्या पायऱ्या

या हक्काचा उपयोग क्रमाक्रमाने करावयाचा असतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, १९९७ साली स्थापन झाले. परंतु ते एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. त्याने २०१२ साली तक्रार निवारणाचे विनियम करून प्रत्येक कंपनीत दोन पायऱ्या बांधून दिल्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे कंपनीचे तक्रार केंद्र. १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो. तो क्रमांक व तारीख वहीत टिपून ठेवावी, कारण पुढचा सारा डोलारा त्यावर उभा असतो. ठरलेल्या मुदतीत निवारण झाले नाही अथवा उत्तराने समाधान झाले नाही, तर दुसरी पायरी अपील प्राधिकाऱ्याची. हे अपील ३० दिवसांच्या आत करावयाचे असते. त्याला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागावा असा नियम आहे. अपील प्राधिकाऱ्याला सल्ला देणाऱ्या दोन सदस्यांच्या समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो.

त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. मात्र वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावयास हवी.

तक्रार करताना बिलाचे दोन भाग पाडणे अगत्याचे आहे. समजा, नेहमी ५०० रुपये येणारे बिल एकदम २,४०० आले. त्यातील ५०० रुपयांविषयी वाद नाही. वाद आहे तो १,९०० रुपयांचा. हे १,९०० रुपये कोणत्या तारखेच्या कोणत्या सेवेचे आहेत ते नेमके लिहावे. अनेकदा ते न मागितलेल्या गाण्यांचे वा खेळांचे निघतात. अशी मूल्यवर्धित सेवा ग्राहकाची दुहेरी संमती घेतल्यावाचून सुरू करू नये, असा ट्रायचा २०१३ चा आदेश आहे. ‘बिल फार आले’ या मोघम तक्रारीपेक्षा ‘अमुक तारखेला ही सेवा सुरू झाली, तिला दिलेली माझी संमती दाखवा’ ही तक्रार कितीतरी बळकट असते.

मुदतीपूर्वी करार सोडताना

सेवा पसंत नसेल तर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० रोजी आणि देशभर २० जानेवारी २०११ पासून झाली. प्रारंभी ती एकाच दूरसंचार परिमंडळापुरती होती; ३ जुलै २०१५ पासून ती परिमंडळाबाहेरही लागू झाली. महाराष्ट्र परिमंडळात गोव्याचा समावेश होतो, परंतु मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र आहे, हे पुण्याहून मुंबईस शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ या इंग्रजी शब्दापुढे आपला क्रमांक लिहून संदेश पाठविला की एक संकेतांक मिळतो. तो नव्या कंपनीला द्यावयाचा. एकाच परिमंडळात हे काम तीन आणि परिमंडळाबाहेर पाच कामकाजाच्या दिवसांत होते.

तथापि ही वाट निर्वेध नाही. क्रमांक सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस असावा लागतो. मुदत उलटलेले बिल थकलेले असेल, किंवा करारात बाहेर पडण्याची अट असून ती पाळली नसेल, तर विनंती नाकारता येते. याचाच अर्थ असा की भांडण अर्धवट टाकून पळ काढता येत नाही. बिल बुडवून कंपनी बदललीच, तरी जुनी कंपनी थकबाकीपोटी नव्या कंपनीकरवी सेवा बंद करवू शकते. म्हणून एक तर तक्रारीचा निकाल आधी लावून घ्यावा. अथवा घाई असेल तर ‘आक्षेप कायम ठेवून रक्कम भरीत आहे’ असे लेखी कळवून पैसे भरावे, कंपनी बदलावी आणि वादग्रस्त रकमेसाठी दाद मागत राहावे.

मुदतपूर्व सुटकेसाठी कंपनीने दंड मागितला तर तो आधी करारात शोधावा. करारात नसेल तर तो कशाच्या आधारे मागितला, हे लेखी विचारावे. करारात असला तरी तो वाटेल तेवढा असू शकत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते, की करारभंगापोटी वाजवी भरपाईच मिळेल, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा होय. सवलतीत दिलेल्या उपकरणाची उरलेली किंमत मागणे समजण्यासारखे आहे. परंतु पुढील सर्व महिन्यांचे भाडे, सेवा न देताच, दंड म्हणून मागणे हे नुकसानीच्या प्रमाणात आहे काय, असा प्रश्न ग्राहकाने विचारला पाहिजे. २०१९ च्या कायद्याने नुकसानीशी विसंगत दंड लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हटले आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे करावी लागते.

समारोप

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीचे बीज जुने आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्या वेळी १९८६ चा कायदा अस्तित्वातही नव्हता. संघटित ग्राहकांनी मागणी केली, तेव्हा कायदे झाले. आज कायदा आहे, निकाल आहे, शुल्क माफ आहे. उरला आहे तो आपला आळस. शंभर रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असे आपण म्हणतो. पण असे लाखो ग्राहक गप्प बसले, म्हणजे त्या शंभरांचे कोट्यवधी होतात. तेव्हा महाविद्यालयात नागरिकाच्या हक्कांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने या महिन्याचे आपले बिल ओळीने वाचून पाहावे, आणि न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारावी. तक्रारीचा पहिला मसुदा त्या रेघेपासूनच सुरू होतो.