मोठे इंजेक्टर बसवलेस, आता हे ऐक

लेका, नवा पंप टाकलास, मोठे इंजेक्टर बसवलेस आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली, म्हणून लगेच पेढे वाटू नकोस. तुझी ऑक्टाव्हिया आरएस टर्बोची आहे. बूस्टवर पेट्रोल कमी पडलं तर ती कुरकुरत बसणार नाही, सरळ पिस्टनला भोक पाडेल.

लॅपटॉप राहू दे बाजूला, आधी प्रेशर गेज लाव. लाइन खोलण्यापूर्वी तिच्यातला दाब उतरव, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असू दे. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढ, तिचं तोंड बंद कर आणि आयडलवर दाब बघ. मूळ रेग्युलेटर असेल तर तीन बार दिसायला हवा. जास्त दिसला तर रेग्युलेटर बदलायची घाई नको. बऱ्याचदा पंप एवढं पेट्रोल फेकतो की परतीच्या बारीक नळीला ते झेपत नाही. नळी परत जोडलीस की जेवढा बूस्ट तेवढाच दाब वर चढला पाहिजे, म्हणजे एक बार बूस्टला गेजवर चार. तिथं काटा अडखळला तर काम पंपाकडचं आहे, मॅपला हात लावू नकोस.

पंपाचं व्होल्टेज बॅटरीवर मोजणारे मेकॅनिक खूप भेटतील. तू टाकीपाशी, पंपाच्या कनेक्टरवर मोज, तेही पंप चालू असताना. बॅटरीवर पावणेचौदा आणि पंपापाशी बारा, हे जुन्या बारीक वायरीमुळे सर्रास होतं, आणि व्होल्ट पडले की पंपाचे लिटरही पडतात. बॅटरीपासून जाड वायर ओढ, मध्ये रिले टाक, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज.

कोणी सांगेल, तीनचा रेग्युलेटर काढून चारचा टाक, तेहतीस टक्के पेट्रोल वाढेल. नाही वाढत. पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतं, म्हणजे जेमतेम पंधरा टक्के. शिवाय दाब चढला की पंप कमी फेकतो, ते वेगळंच.

आता लॅपटॉप. ईसीयूला आधीचं शिकलेलं विसरायला लाव, नाहीतर जुने ट्रिम, म्हणजे त्यानं पेट्रोलमध्ये केलेल्या दुरुस्त्या, तुला फसवतील. मग इंजेक्टरचे दोन आकडे भर: मिनिटाला किती सीसी, आणि डेड टाइम. पहिला सगळे भरतात. 300 सीसीच्या जागी 440 आले, तर उघडायचा वेळ 0.68 पट. फक्त हे दोन्ही सीसी एकाच दाबावरचे आहेत का, एवढं बघ.

घोळ दुसऱ्यात होतो. करंट मिळाल्यापासून सुई खरोखर उघडेपर्यंत थोडा वेळ वाया जातो, साधारण एक मिलिसेकंद. बॅटरी उतरली की तो वाढतो. म्हणून हा एक आकडा नसतो, व्होल्टेजप्रमाणे अख्खा तक्ता असतो, आणि तो ज्या इंजेक्टरचा त्याचाच लागतो. तक्ता मिळत नसेल तर असले स्वस्तातले इंजेक्टर घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब कर: आयडलवर पेट्रोल पडायचा खरा वेळ पूर्वी दीड मिलिसेकंद होता, तो आता एकच उरला. डेड टाइममध्ये 0.2 ची चूक असेल तर तिथं वीस टक्के फरक पडला. तीच चूक वर, बारा मिलिसेकंदांच्या पल्सला, जाणवणारही नाही.

यातूनच दोष शोधायचा. फक्त आयडलला ट्रिम बिघडलेत आणि हेडलाइट, एसी, पंखा लावला की आणखी हलतात, तर डेड टाइम चुकलाय. सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी बिघडलेत, तर सीसीचा आकडा. खाली सगळं ठीक आणि वरच्या आरपीएमला गाडी लीन होते, तर पंप, फिल्टर नाहीतर वायर. ट्रिम पाच टक्क्यांच्या आत आले की पुढं सरक. मॅपमध्ये पेट्रोल वाढवून पंपाचा दोष झाकणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

त्याहून वाईट युक्ती एअरफ्लो सेन्सरची. इंजेक्टरचा आकडा न बदलता काही जण हवेचाच आकडा कमी करून दाखवतात. मिश्रण जमतं, गाडी गुळगुळीत चालते, गिऱ्हाईक खूश. पण ईसीयूला वाटतं इंजिनावर लोड कमी आहे, म्हणून तो टायमिंग पुढं नेतो. खरा लोड तर पूर्ण असतो. मग नॉकिंग, आणि नॉकिंगचं बिल तू भरतोस.

मिश्रण वाइडबँडवर बघ आणि लॅम्डात वाच. हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा 14.7 हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल येतं, त्याचा आकडा साडेतेराच्या आसपास बसतो. इथेनॉलशी भांडण नाही, पण हिशेबात 14.7 धरून बसलास तर गाडी लीनच राहणार. लॅम्डा एक म्हणजे कुठल्याही पेट्रोलला एकच. पूर्ण बूस्टवर मी 0.80 च्या जवळ ठेवतो. हे काम डायनोवर कर, हायवेवर नको, आणि टाकी निदान अर्धी भरलेली असू दे.

वर ओढताना पल्सवर नजर ठेव. 6000 आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्या 20 मिलिसेकंदांत होतात, म्हणजे पल्स 16 च्या पुढं गेली की इंजेक्टरची ताकद संपत आली. टायमिंगला हात सगळ्यात शेवटी, पेट्रोल जागेवर आल्यावरच.

थंड इंजिनाची स्टार्टिंग वेगळी लावावी लागते. तिचे दिवसाला एक-दोनच प्रयत्न मिळतात, कारण इंजिन रात्रभर थंड व्हावं लागतं. प्लग ओले निघाले तर क्रँकिंगचं पेट्रोल कमी कर. आणि रोज डिपस्टिक काढून वास घे. जास्त रिच चालली की पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर ऑइल तिथंच बदल. तसंही ट्यूनिंग संपलं की ऑइल आणि फिल्टर बदलायचेच. मग पीयूसी काढून घे. आणि मूळ मॅपची फाइल पेनड्राइव्हवर ठेवून तो घरी ठेव, गाडीत नको.