मोरॅटोरियम म्हणजे माफी नव्हे! कर्जाच्या कागदावरचे अवघड इंग्रजी शब्द कसे शिकायचे



मागच्या व्हिडिओत आपण बँकेकडे प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन कसं जायचं ते पाहिलं. आज पुढची पायरी. कर्ज मंजूर झालं, साहेबांनी वीस-पंचवीस पानं समोर ठेवली आणि पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या, "इथे, इथे आणि इथे सह्या करा." या पानांत जे शब्द असतात ते शाळेच्या इंग्रजीत कधी भेटलेले नसतात. हायपोथिकेशन, मोरॅटोरियम, लीन, इन्डेम्निटी. आपण काय करतो? साहेबांना विचारायला लाज वाटते, म्हणून सही करून मोकळे होतो.

नवीन पनवेलच्या बॅचमध्ये मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सर, इंग्रजी सुधारायला कुठला क्लास लावू?" क्लास जरूर लावा. पण कर्जाचे कागद समजायला फाडफाड बोलता येण्याची गरज नाही. तीस-चाळीस शब्द लागतात. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच शब्दांमागचा व्यवहार तुमच्या आजोबांना पक्का माहीत होता. फक्त त्याचं नाव मराठी होतं.

हायपोथिकेशनच घ्या. ऐकायला एखाद्या आजाराचं नाव वाटतं. आता जवळच्या पतसंस्थेचा फलक आठवा. त्यावर 'सोने तारण', 'माल तारण', 'नजर तारण' असं लिहिलेलं असतं. हे नजर तारण म्हणजेच हायपोथिकेशन. वस्तू तुमच्याच ताब्यात राहते, तुम्ही ती वापरता, तिच्यावर धंदा करता, पण तिच्यावर बँकेचा हक्क असतो. टेम्पो कर्जावर घेतला की आरसी बुकात हायपोथिकेशनची नोंद होते ती यासाठीच. म्हणून शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन ती नोंद काढून घ्यावी लागते. ती राहिली तर टेम्पो विकायच्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं आणि तुम्ही बँकेच्या रांगेत!

याच्या शेजारचा शब्द प्लेज. इथे वस्तू सावकाराच्या ताब्यात जाते. सोनं ठेवून कर्ज काढलं की बांगड्या बँकेच्या तिजोरीत जातात, ते प्लेज. आणि घर, गाळा, जमीन अशा स्थावर मालमत्तेसाठी मॉर्गेज, म्हणजे आपलं गहाणखत. मॉर्गेज हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ 'मृत तारण'. जुने इंग्रज वकील तो असा समजावत : कर्ज फिटलं तर ते तारण सावकारापुरतं मेलं, नाही फिटलं तर कर्जदारापुरतं मेलं. एकदा ऐकलं की हा शब्द विसरणं कठीण.

शब्द लक्षात ठेवायची माझी आवडती पद्धत हीच आहे. आधी त्याचा मराठी जुळा भाऊ शोधायचा. एन्कम्ब्रन्स म्हणजे बोजा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, तोच. गॅरंटर म्हणजे जामीनदार. प्रॉमिसरी नोट म्हणजे वचनचिठ्ठी. लीन म्हणजे तुमचे पैसे किंवा वस्तू देणं फिटेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक दिसते पण काढता येत नाही आणि खाली 'लीन अमाउंट' असं लिहिलेलं असतं, तेव्हा पैसे गेलेले नसतात, अडवलेले असतात. का अडवले ते शाखेत जाऊन विचारायचं.

जामीनदारावर थोडं थांबू, कारण इथे माणसं बुडतात. "अरे, नुसती सही आहे" असं म्हणत मेहुणा, मित्र, शेजारचा दुकानदार आपली सही घेऊन जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. त्यासाठी कायद्यातला शब्द आहे को-एक्स्टेन्सिव्ह. म्हणजे काय? कर्ज आठ लाखांचं असेल तर तुमची जबाबदारी पण आठ लाखांची, वर व्याज आणि खर्चही. 'आधी त्याच्याकडून सगळं वसूल करा, मग माझ्याकडे या' असं बँकेला सांगता येत नाही. एवढ्या एका शब्दाचा अर्थ कळला असता तर किती घरातली भांडणं टळली असती!

आता आजच्या शीर्षकातला शब्द. मोरॅटोरियम. लॅटिनमध्ये मोरा म्हणजे विलंब. शब्दाच्या पोटातच अर्थ आहे : उशीर करायची मुभा. माफी हा अर्थ त्यात कुठेच नाही. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कोरोनामुळे मुदत कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायची परवानगी बँकांना दिली. नंतर ती सवलत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली. त्या काळात खूप जणांनी 'हप्ता माफ' असा अर्थ घेतला. पण व्याज चालूच होतं. पुढे केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी त्या सहा महिन्यांतला चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक देऊ केला. त्या रकमेचं सरकारी नाव एक्स ग्रेशिया. म्हणजे हक्क म्हणून नाही, सद्भाव म्हणून दिलेली रक्कम. २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातलं व्याजावरचं व्याज कुठल्याच कर्जदाराकडून घेऊ नये असं सांगितलं. पण संपूर्ण व्याज माफ करायला नकार दिला.

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या नवीन कर्जाच्या मंजुरीपत्रात पण 'सहा महिने मोरॅटोरियम' असू शकतं. कॅल्क्युलेटर काढा. पाच लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, सहा महिने हप्ता नाही. या सहा महिन्यांचं सरळ व्याज होतं २७,५०० रुपये. ते तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरलं नाही आणि बँकेने मुद्दलात मिळवलं, तर तुमचा पहिला हप्ता पाच लाखांवर नाही, जवळजवळ सव्वापाच लाखांच्याही वर जाऊन बसतो. मोरॅटोरियम घ्यायचं की नाही? मशीन बसून माल निघायलाच चार महिने लागणार असतील तर बिनधास्त घ्या. पण बँकेला विचारा, "या काळातलं व्याज मी दरमहा भरायचं की मुद्दलात जाणार?"

याच मोरा घराण्यातला दुसरा शब्द आपल्या पनवेल-उरण पट्ट्यात रोज ऐकू येतो : डेमरेज. न्हावाशेवा बंदर सुरू झालं १९८९ मध्ये, आणि आज आपल्या आजूबाजूला कंटेनरची गोदामं किती आहेत ते तुम्ही बघताच. समजा तुम्ही बाहेरून एक पॅकिंग मशीन मागवलं. माल उतरला, पण कागद अपुरे आहेत म्हणून कस्टममधून सुटेना. ठरलेले मोफत दिवस संपले की जागा अडवल्याचे पैसे दिवसागणिक चढतात. हे डेमरेज. आणि शिपिंग लाइनचा रिकामा डबा तुम्ही वेळेत परत केला नाही तर त्याचं वेगळं मीटर चालू होतं, त्याला म्हणतात डिटेन्शन. दोन्हीत उशीर आहे, पण पैसे मागणारे दोन वेगळे. एजंटने कोटेशन दिलं की आधी मोफत दिवस किती, ते लिहून घ्या.

आता जरा उलटं बोलतो. हे अवघड शब्द तितके धोक्याचे नसतात. कारण ते दिसले की आपण दचकतो, मोबाइलवर अर्थ बघतो. खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द.

कन्सिडरेशन बघा. शाळेत शिकलोय, 'विचार'. करारात मात्र त्याचा अर्थ मोबदला. गाळ्याच्या करारात 'फॉर अ कन्सिडरेशन ऑफ' असं येतं तेव्हा पुढे पैशांचा आकडा असतो. एक्झिक्युट म्हणजे सह्या करून दस्त पुरा करणं. सँक्शन म्हणजे बँकेत मंजुरी, पण बातम्यांमध्ये निर्बंध! आणि सँक्शन झालं म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. पैसे प्रत्यक्ष मिळतात त्याला डिस्बर्समेंट म्हणतात. सँक्शन लेटर हातात आलं म्हणून मशीनवाल्याला आगाऊ रक्कम देऊन बसू नका. मध्ये अटी असतात, त्या आधी पुऱ्या कराव्या लागतात.

मार्जिन तर कहर आहे. दुकानदारासाठी मार्जिन म्हणजे नफा. बँकेसाठी मार्जिन म्हणजे तुम्ही स्वतःच्या खिशातून घालायची रक्कम. आणि पीएमईजीपी योजनेत मार्जिन मनी म्हणजे सरकारकडून मिळणारं अनुदान! दहा लाखांचा प्रकल्प, सर्वसाधारण गट, शहरी भाग, म्हणजे आपलं महापालिका क्षेत्र. तुमचा स्वतःचा वाटा १० टक्के, म्हणजे एक लाख. मार्जिन मनी १५ टक्के, म्हणजे दीड लाख. हे दीड लाख तुमच्या हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने मुदत ठेवीसारखे बाजूला राहतात आणि धंदा नीट चालू असेल तर कर्जात वळते होतात. ग्रामीण भागासाठी आणि विशेष गटांसाठी टक्केवारी वेगळी आहे, अर्ज करताना त्या वेळचे आकडे तपासून घ्या. पण एकाच टेबलावर एकच शब्द तीन अर्थांनी फिरतोय हे ध्यानात आलं ना?

आणि फ्लॅट. किती साधा शब्द! '१२ टक्के फ्लॅट' म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच लागणार. एक लाख, एक वर्ष, १२ टक्के फ्लॅट : हप्ता ९,३३३ रुपये. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हा दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. समोरचा खोटं बोलत नाहीये. तो फक्त एक शब्द हळू आवाजात म्हणतोय.

मग शिकायचं कसं? दोनशे पानी वही घ्या. रोज एकच शब्द. डाव्या बाजूला देवनागरीत शब्द, त्याखाली मराठी जुळा भाऊ. उजव्या बाजूला तुमच्या स्वतःच्या धंद्याचं एक वाक्य, रुपयांच्या आकड्यासकट. 'हायपोथिकेशन : माझं पावणेदोन लाखांचं पिठाचं मशीन माझ्याच गाळ्यात राहील, पण बँकेला न विचारता विकता येणार नाही.' आकडा नसलेलं वाक्य लिहू नका, ते आठवड्यात विसराल. आणि कोशातून पाठ करत बसू नका. तुमच्या घरात कुठलं तरी जुनं मंजुरीपत्र, विम्याची पॉलिसी, गाळ्याचा भाडेकरार असेलच. त्यातले शब्द आधी घ्या. सहीच्या आधी नाही वाचलं, आता तरी वाचा.

शेवटची गोष्ट, आणि ही फार थोड्या लोकांना माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नवीन किरकोळ आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे मुख्य माहितीचं पत्रक, बंधनकारक केलंय. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, त्याला समजावून सांगितलं पाहिजे आणि 'समजलं' अशी पोच त्याच्याकडून घेतली पाहिजे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, व्याज आणि बाकीचे आकार मिळून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो. फ्लॅट-बिटची सगळी जादू तिथे उघडी पडते. कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल तर त्या पत्रकातल्या अटींवर विचार करायला तुम्हाला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आणि पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मध्येच लावता येत नाही.

म्हणून या वेळी फुल्या मारलेली पानं समोर आली की पेन खाली ठेवा आणि शांतपणे एवढं म्हणा, "साहेब, मला की फॅक्ट्स स्टेटमेंट मराठीत द्या. घरी नेऊन वाचतो, परवा येऊन सही करतो."

पुढच्या भागात गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार घेऊ. त्यातला 'लॉक-इन' तोपर्यंत वहीत लिहून ठेवा, आकड्यासकट.