अभ्यास : शेजाऱ्याचे ऐकून घेणे

या आठवड्यात घरी बायबल उघडाल तेव्हा ईयोबाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. मुलेबाळे गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोडे आले. अशा ईयोबाला भेटायला एलीफज, बिल्दद आणि सोफर येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. कोणी शब्द काढत नाही. पुढे ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. ते समजावू लागतात, चूक कोणाची ते ठरवू लागतात. शेवटी परमेश्वरच त्यांची कानउघाडणी करतो.

आम्हीही त्या तिघांतलेच. मागे सोयाबीन विकण्याच्या दिवसांत तामलवाडीचा एक ओळखीचा शेतकरी आमच्याकडे येऊन बसला. भाव पडलेला, घरी कटकट. त्याने दोन वाक्ये बोलायच्या आत आम्ही सुरू झालो : धीर सोडू नका, देवावर भरवसा ठेवा, अमक्याचे बघा किती वाईट झाले. तो चहा पिऊन गेला. पुष्कळ दिवसांनी म्हणाला, ‘‘तुम्ही लई चांगलं बोललात, पण मी जे सांगायला आलतो ते तसंच ऱ्हायलं.’’ सुदैवाने तो हे सांगायला राहिला. प्रत्येक जण राहतोच असे नाही, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

समुपदेशन म्हटले की मोठ्या शहरातला दवाखाना आणि मोठी फी डोळ्यांसमोर येते. पण हे काम साध्या माणसांनी, विनामोबदला चालवल्याची उदाहरणे आहेत. पहिले उदाहरण आपल्याच अभ्यासाच्या वाटेवरचे आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये चाड व्हारा या तरुण अँग्लिकन धर्मगुरूने एका कोवळ्या मुलीचा दफनविधी केला. तिची पाळी सुरू झाली होती. तो तिला घाणेरडा रोग वाटला, विचारायला कोणी नव्हते, आणि तिने जीव दिला. ही गोष्ट व्हारा यांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी अशा लोकांसाठी टेलिफोन सुरू केला. माणसे फोन करू लागली, प्रत्यक्षही येऊ लागली. व्हारा यांची वेळ मिळेपर्यंत काही स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि बोलू देत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आले की बरेच जण आपल्याला न भेटताच हलके होऊन परत जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवर सोपवले. लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसावरून या मंडळींना ‘समारिटन्स’ नाव मिळाले. धर्मगुरूने आपली जागा सोडून दिली, हे आम्हाला त्यात सर्वांत मोठे वाटते.

आपल्याकडे पुण्यात कनेक्टिंग ही संस्था २००५ पासून याच धर्तीवर काम करते : स्वयंसेवक ऐकतात, उपदेश करत नाहीत. खेड्यांतही हे जमते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शिकवून उभे केले. आधी नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांत चार-पाच जणच कुणाची मदत घेत. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ने गावातलेच स्वयंसेवक घेतले. आपल्या जिल्ह्यात राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला आणि शिवार फाउंडेशनने शेतकऱ्यांसाठी हेल्पलाईन चालवली.

मग तामलवाडीत चार-पाच जणांनी मिळून असे काही करायचे तर काय लागेल? पैसा फारसा नाही. लागते ते शिक्षण, आणि तोंडाला कुलूप. एकाचे दुःख दुसऱ्या दिवशी पारावर ऐकू आले तर ते काम तिथेच संपले. पापनिवेदनाची गुप्तता आपण जाणतो. हे पापनिवेदन नव्हे, पण गुप्ततेत कसूर इथेही चालणार नाही. ज्यांना जगण्याचा कंटाळा आला आहे असे वाटते, त्यांना ‘जीव देण्याचे मनात येते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातले फवारणीचे औषध दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. स्वयंसेवक डॉक्टर नव्हे. आणि ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकायला हवे, नाहीतर दोन महिन्यांत तोच खचतो.

लोक गप्प राहतात त्याला लाज आणि भीती ही दोन कारणे. पोलीस केस होईल, असे अजून वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे. त्याला शिक्षा नव्हे तर उपचार आणि आधार द्यायचा आहे. आणि चर्च काय म्हणेल? १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत तो नियम नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (२२८२, २२८३) म्हटले आहे की मनाचा गंभीर आजार, मोठी भीती वा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशांच्या तारणाची आशा आपण सोडू नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. ज्या घरात असे घडले आहे त्या घरी हे कोणीतरी जाऊन सांगितले पाहिजे, आणि सांगून झाल्यावर तिथे बसले पाहिजे.

सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही आहे. हा क्रमांक घरात कॅलेंडरवर लिहून ठेवावा. बसायची जागा मात्र आपल्यालाच ठरवायची आहे. आमच्या मते ती चर्चच्या दारात नको, कोण आले ते हमरस्त्यावरून दिसते. आणि ज्याला आपल्या धर्माचे काही देणेघेणे नाही, त्यालाही तिथे बिनधास्त येता यायला हवे.