उजनी जलाशयातील मत्स्यविविधता आणि पाण्याची स्थिती

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राचा जलाशय मोठा मानला जातो; उजनीचे पूर्ण भरलेले क्षेत्र याच्या कितीतरी पट आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. त्यामुळे ‘उणे’ टक्केवारीच्या उन्हाळ्यातही मासे जगण्यापुरते पाणी उरते. आटतो तो काठाचा उथळ भाग, आणि अनेक माशांची अंडी व पिले नेमकी तेथेच असतात. भिगवणकडे त्याच उघड्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. पर्यटकांना जे दृश्य रम्य वाटते, ते मत्स्यजीवनाच्या दृष्टीने ओहोटीचे चिन्ह आहे.

जलाशयात नदीचे मूळ रहिवासी असलेले शिवडा, वाम, मरळ, शिंगटा हे मासे आढळतात. कटला, रोहू, मृगळ ही प्रमुख कार्प मंडळी बीज सोडून वाढविलेली आहे. चिलापी (तिलापिया) मात्र परदेशी. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे देशभरातील अनेक जलाशयांत पसरली. उजनीच्या मासळी बाजारात आज तिचेच ढीग दिसतात.

याचे कारण केवळ तिच्या संख्येत शोधू नये. कार्प मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत. पावसाळ्यात त्यांना वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्याकडे चढावे लागते. भीमेच्या वरच्या अंगाला मुळा-मुठेतून पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येते. याउलट चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते आणि कमी प्राणवायूतही तग धरते. पातळीतील चढउताराचा फटका तिला तुलनेने कमी बसतो.

सांडपाण्यातील नत्र व स्फुरदामुळे पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू वाढतो, तर रात्री शेवाळ आणि कुजणारे सेंद्रिय द्रव्य तोच ओढून घेतात. म्हणून दुपारी घेतलेला एकच नमुना दिशाभूल करतो. माशांवरचा खरा ताण पहाटे, सूर्योदयापूर्वी मोजला तरच कळतो. प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमपेक्षा प्राणवायू कमी झाला की कार्प माशांची वाढ मंदावू लागते. दुपारी सामू चढल्यावर अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. मासा वर येऊन तोंड मारू लागेपर्यंत थांबणे उशिराचे ठरते.

व्यवस्थापनात बीजाचा आकार निर्णायक आहे. शिवड्यासारख्या भक्षक माशांच्या जलाशयात लहान जिरे सोडणे म्हणजे त्यांना खाद्य टाकणे होय. किमान १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली, पूर ओसरल्यावर आणि सांडव्यातून वाहून जाण्याची भीती टळल्यावर सोडावीत. बारीक आसाच्या जाळ्यांनी या बोटुकल्यांचीच लूट होते, आणि दोनच वर्षांत सोसायटीच्या हाती काही उरत नाही. चिलापीमुळे एकूण टन वाढलेले दिसतात, त्यामुळे ही घसरण लक्षात येत नाही.

म्हणून मत्स्य सहकारी संस्थांनी रोजच्या नोंदवहीत ‘मिश्र मासळी’ असा एकच रकाना न ठेवता किमान चिलापी, कार्प, शिवडा, वाम, मरळ आणि शिंगटा यांचे वजन वेगळे लिहावे. शेजारी त्या दिवसाची जलपातळी आणि पहाटेचा प्राणवायू नोंदवावा.